सोळात एक

दुपारची जेवणं उरकली की आमच्या अंगणात कवड्या वाजायला लागायच्या. शहागंजाच्या मागच्या बोळात आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर, शेजारच्या दोन खोल्यांत रजिया खाला, आणि दोन्ही घरांना मिळून एकच अंगण. खालाचे मिया सकाळीच हातमागावर जायचे, आमचे अण्णा दहाला कचेरीत. मग लिंबाच्या सावलीत आई पट अंथरायची. जुन्या खणांच्या तुकड्यांतून तिनं स्वतः शिवलेला, फुलीच्या आकाराचा तो पट, खालाच्या माहेरून आलेल्या लाकडी सोंगट्या आणि सहा कवड्या. सगळ्या कवड्या पालथ्या पडल्या की पंचवीस, एकच उताणी पडली की दहा, बाकी जितक्या उताण्या तितकं दान. खाला ओठांतल्या ओठांत बिस्मिल्ला म्हणून कवड्या टाकायची आणि आई मुठीत फुंकर मारून. आई जवळजवळ रोज हरायची. "लई येळ झाला पंचवीस पडलं नाय, आता पडतंय बघ," असं म्हणून ती पुढच्या सोंगट्या उघड्यावर ठेवायची आणि खाला त्या शांतपणे मारायची. क्वचित कधी पंचवीस पडलंच तर आई आठवडाभर ते दान सांगत फिरायची, न पडलेली दानं मात्र तिच्या लक्षात राहायची नाहीत.

अण्णांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. पोलीस ॲक्शननंतर कचेरीचं कामकाज बदललं, तेव्हा तिशीच्या या माणसानं पाटी घेऊन रात्रशाळेतल्या पोरांसारखी मराठीची जोडाक्षरं गिरवली होती. अक्षर वळलं, पण आकडे काही केल्या भाषा बदलेनात. बेरीज म्हणजे जमा, वजाबाकी म्हणजे तफरीक, गुणाकार जरब आणि भागाकार तकसीम. मी ते सारं त्यांच्याकडूनच शिकले, त्यामुळे शाळेत बाईंनी पहिल्यांदा "गुणाकार करा" म्हटलं तेव्हा मी शेजारणीकडे बघत बसले होते. पुढे कॉलेजात मी संख्याशास्त्र घेतलं. वर्गात मुली आम्ही दोघीच, त्यातली एक दिवाळीआधी लग्न होऊन जालन्याला गेली. अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमची कुमुद हिसाबाच्या हिसाबाचं शिकते." म्हणजे काय, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्या वर्षी मलाही नव्हतं. मला सूत्रं पाठ होती. सूत्र पाठ असणाऱ्या माणसाला जो ताठा येतो, तो मात्र पुरेपूर आला होता.

माझी थोरली बहीण सुमनताई पिशोरला दिलेली. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, चौथीपर्यंत शिकलेली, हाताला चव असलेली. दाजी कमी बोलणारे, शेतात राबणारे. घरात सत्ता ताईच्या सासूची, म्हणजे आत्याबाईंची. ताईला तीन मुली झाल्या होत्या. तिसरीच्या वेळी ती जेमतेम वाचली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दाजींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता पुरे करा, पुढच्या खेपेला मी खात्री देणार नाही. दाजींनी मान हलवली. पण पिशोरला परतल्यावर वर्षभरातच आत्याबाईंचं सुरू झालं, की तीन मुली झाल्या, आता मुलगाच होणार, एवढी एक खेप होऊन जाऊ द्या.

त्या दिवाळीला ताई माहेरी आली ती हे सारं पदरात बांधूनच. तिसरी पोर मांडीवर, दोघी अंगणात, आणि ताई आईबरोबर आमटीच्या येसराचा मसाला भाजत बसलेली. गहू, हरभऱ्याची डाळ, धणे, लाल मिरच्या खापरात पडत होत्या आणि सगळ्या बोळाला ठसका लागला होता. मी उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसले होते. ताई हात न थांबवता म्हणाली,

"कुमे, तू ह्येच शिकतीस ना? काय व्हईल, किती येळा व्हईल, आसलं?"

"व्हय."

"मंग मला सांग. चारी पोरीच व्हायच्या, आसं किती जणींचं व्हतं?"

मी लगेच सरसावले. वाण्याच्या पुडीचा कागद ओढला आणि तिला शिकवायला लागले. प्रत्येक खेपेला मुलगी होण्याची संभाव्यता निम्मी. एका खेपेचा दुसरीशी संबंध नाही, म्हणून गुणत जायचं. निम्म्याचं निम्मं पाव, त्याचं निम्मं एक अष्टमांश, त्याचं निम्मं एक सोळांश. आणि सगळ्या शक्यतांची बेरीज नेहमी एक, म्हणून एकातून एक सोळांश वजा केला की उरलं ते आपलं. "सोळात एक," मी ऐटीत म्हटलं. "चारी मुली व्हायचा वाटा सोळात एक. बाकीचे पंधरा वाटे तुझ्या बाजूनं."

ताईचा उलथणं धरलेला हात थांबला. "पंधरा?" तिनं विचारलं. मी कागदावर १/१६ लिहून त्याखाली दुहेरी रेघ मारली, परीक्षेत उत्तराखाली मारतात तशी. तिनं तो कागद फाडून घेतला, चौपट घडी घातली आणि कुंकवाच्या डबीत ठेवला. खाला दारातून हे बघत होती. ती मला म्हणाली, "बिटिया, हिसाब तेरा सही होंगा. मगर इसका मुँह तो देख, डर से कित्ता उतर गया." मी ताईच्या तोंडाकडे बघितलं नाही. मी कागदाकडे बघत होते आणि माझं मलाच कौतुक वाटत होतं. आज पंच्याहत्तरीत हे लिहिताना ते आठवलं की कान तापतात.

दिवाळीनंतर अडीच-तीन महिन्यांनी कॉलेजात प्रॅक्टिकलची वही द्यायची होती. एक नाणं दोनशे वेळा उडवायचं, छापा की काटा ते ओळीनं लिहायचं आणि मग त्याची तपासणी करायची. दोनशे वेळा नाणं उडवायला कुणाला वेळ असतो? मी आदल्या संध्याकाळी पाटावर बसून मनानंच छापाकाटा लिहून काढला. पन्नासाव्या ओळीपर्यंत तर मला त्यात कला दिसायला लागली होती. दोन छापे, एक काटा, एक छापा, दोन काटे. सगळं कसं नीट, कुणावर अन्याय नाही. शेवटी शंभराला दोन कमी छापे येतील असं बघितलं, म्हणजे खरं वाटेल.

आमचे सिद्दीकी सर हैदराबादेत शिकून आलेले. खादीचा कुर्ता, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. संभाव्यता म्हणताना त्यांच्या तोंडून आधी "इमकान" निघायचं आणि मग ते स्वतःलाच दुरुस्त करायचे. त्यांनी माझी वही पाहिली, पान उलटलं, परत मागं आले आणि हसले.

"कुमुद बेटा, तुमचं नाणं फार शरीफ आहे."

"म्हणजे सर?"

"तीनदा छापा आला की याला शरम वाटते. चौथ्यांदा काटाच देतं. दोनशे वेळांत एकदासुद्धा सलग चार छापे नाहीत. खरं नाणं इतकं वळणाचं नसतं. त्याला याददाश्त नसते, मागं काय पडलं हे त्याला कुठून कळणार? कळतं ते लिहिणाऱ्याला."

मी मान खाली घातली. ते रागावले नाहीत. वही परत देत म्हणाले, घरी जाऊन खरोखर उडवा, मग तुम्हालाच गंमत कळेल. मी दारापर्यंत गेले आणि तिथंच माझे पाय थांबले. तीनदा छापा आला की चौथ्यांदा काटाच. तीन मुली झाल्या की चौथा मुलगाच. मी परत आत आले.

"सर, एखादीला तीन मुली असतील, तर चौथीही मुलगीच होण्याचा वाटा सोळात एक ना?"

"कुणाची गोष्ट आहे?"

"माझ्या बहिणीची."

सरांनी खडू उचलला. मुलीला गोल आणि मुलाला रेघ, असं करत त्यांनी चार मुलांच्या सोळाच्या सोळा ओळी फळ्यावर मांडल्या. "हे सोळा रस्ते तुमच्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशी होते," ते म्हणाले. "त्या दिवशी तुमचं उत्तर बरोबर होतं. आज तिच्या घरी तीन मुली आहेत. नावं ठेवलीत त्यांची?" मी नावं सांगितली. सरांनी ती लक्ष देऊन ऐकली. मग डस्टर घेतलं आणि ज्या ओळींत पहिले तीन गोल नव्हते त्या एकेक पुसत गेले. चौदा ओळी गेल्या. दोनच उरल्या. तीन गोल आणि एक गोल, तीन गोल आणि एक रेघ.

"ज्या मुली जन्मून गेल्या, त्यांचा गुणाकार करायचा नसतो, बेटा. जे घडून गेलं त्याची संभाव्यता एक. मोजायचं ते फक्त पुढचं. आता किती?"

"निम्मी."

"बस्स. निम्मी. आणि तिची तब्येत?" त्यांनी विचारलं. मला रडू फुटलं आणि सर खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

पुढच्याच रविवारी मी एकटीनं एसटी धरली. आईला सांगितलं, पोरींना बघून येते. तिच्या कवड्यांची पिशवीही न विचारता उचलली होती, का ते तेव्हा मलाच नीट ठरवता आलं नव्हतं. कन्नडला गाडी बदलून पिशोरला पोचेपर्यंत जेवणवेळ टळून गेली. वाटभर मी वाक्यं जुळवत होते. ताई मागच्या दारी भांडी घासत होती. मला बघून उठली, आणि उठता उठता तिनं कंबरेला जसा हात लावला, त्यावरून मी समजले.

"कितवा?" मी विचारलं.

"तिसरा लागला." ती हसली. "तुजी चिठ्ठी दाखवली आत्याबाईला. त्येंनी समद्या आळीला सांगितलं, शिकल्याल्या पोरीनं हिशोब करून दिलाय, पोरगाच हाय म्हून."

मी तिथंच राखेच्या ढिगाशेजारी बसले आणि तिला सगळं सांगितलं, सोळा ओळी, डस्टर, दोन उरलेल्या ओळी. "ताई, माझं चुकलं गं. लई चुकलं." तिनं हातातलं भांडं विसळून पालथं घातलं. मग म्हणाली, "मला वाटतच व्हतं, पंधरा लई झाले म्हून. पण तू म्हणलीस, मंग मला धीर आला." ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं भिजल्या हातानं माझी वेणी नीट केली आणि म्हणाली, "आता मला सांगितलंस ते जाऊ दे. त्येंना सांग. न्हायतर पोरगी झाली तर मीच खोटी पडंल."

आत्याबाई पडवीत ज्वारी पाखडत होत्या. डोळ्यांत धाक बसवणारी बाई. माझी जुळवलेली वाक्यं जागच्या जागी विरली. मी पिशवीतून एक कवडी काढून त्यांच्यासमोर टाकली. उताणी पडली. परत टाकली, उताणी. तिसऱ्यांदाही उताणी. "आत्याबाई, आता काय पडंल?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मला काय इचारती? पडंल ती पडंल."

"तीनदा उताणी पडली ना?"

"मंग? कवडीला काय ठावं, मागं काय पडलं त्ये? तुजी आय तसं समजती, म्हून तर रोज हरती, सुमन सांगती न्हवं." त्या बोलल्या आणि बोलता बोलता थांबल्या. त्यांची नजर माझ्या तोंडावरून मागच्या दाराकडे गेली, तिथं ताई ओल्या हातानं उभी होती. त्यांनी कवडी उचलून तळहातावर घेतली.

"मंग चिठ्ठीवर सोळा कशापायी लिवलं?"

"चुकलं माझं. वाटा निम्माच हाय. पयल्या खेपेला जेवढा व्हता तेवढाच."

"आमी अडाणी म्हून आमाला फसवलं, का तुला बी येत नव्हतं?"

"मला बी येत नव्हतं."

त्यांनी सूप परत हातात घेतलं. "मंग ठीक," त्या म्हणाल्या. दोनचार वेळा पाखडून पुढं म्हणाल्या, "निम्मं तर निम्मं. पोरगाच व्हईल." पण आवाज आधीसारखा नव्हता. मी निघताना त्यांनी ताईला सांगितलं, उद्यापास्नं पाणी मी आणीन, तू वझं उचलू नको. ताईनं मला कुंकवाच्या डबीतली चिठ्ठी दिली आणि म्हणाली, नीट करून दे. मी सोळात एक खोडलं आणि शेजारी १/२ लिहिलं. या वेळी खाली रेघ मारली नाही.

बाळंतपणाच्या महिनाभर आधीच ताईला आम्ही शहरात आणलं. बरोबर आत्याबाईही आल्या, फडक्यात बांधलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. दुपारी त्याही पटावर बसायला लागल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी खालाला हरवलं. खाला खूश झाली. म्हणाली, इतने बरस में कोई मिला तो सही. त्या महिन्यात अंगणात इतकं हसू होतं की मी कधीकधी विसरून जायचे. मग एका सकाळी ताईला दवाखान्यात हलवलं आणि दुपारपर्यंत आत गेलेलं कुणीच बाहेर येईना. दाजींचं रक्त घेतलं. अण्णा व्हरांड्यात येरझाऱ्या घालत पुटपुटत होते, ते आकडे होते की दुआ, कोण जाणे. मी बाकावर बसून होते. तेव्हा मला संभाव्यतेचा एकही नियम आठवला नाही. निम्मं, पाव, सोळावा हिस्सा यांतलं काहीच माझ्या बहिणीला लावून बघण्याची माझी छाती नव्हती. मला ती सबंध पाहिजे होती.

नर्सबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मुलगी आहे."

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. "त्ये ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "सून कशी हाय माझी?"

ताई वाचली. संध्याकाळच्या आत तिनं डोळे उघडले, आणि पहिली गोष्ट तिनं भीत भीत सासूला विचारली ती अशी, "नकुशी ठेवायचं का नाव?" त्या काळी आमच्याकडे नको असलेल्या पोरीला तेच नाव ठेवत. आत्याबाईंनी बाळ माझ्या हातात दिलं. नाव ठेवण्याचा मान आमच्यात आत्याचा, आणि बातमी कळून आलेली दाजींची बहीण तिथंच उभी होती. तिच्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "हिशोब हिचा, नाव बी हीच ठेवील." मला त्या क्षणी एकच नाव सुचलं, नंदा. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या कागदावर दाजींनी मुकाट्यानं सही केली आणि आत्याबाईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं. त्यांना नातवाची आस शेवटपर्यंत होती, ती काही गेली नाही. पण नंदा त्यांच्याच कुशीत झोपून मोठी झाली.

त्या संध्याकाळी ताईनं उशाखालच्या डबीतून चिठ्ठी काढली आणि हळू आवाजात म्हणाली, "आता काय लिवायचं?" मी निम्मं खोडलं आणि त्याच्याशेजारी लिहिलं, १.

सुमनताईला जाऊन आता वर्ष होईल. नंदा एसटीत वाहक होती, वीस वर्षं उभ्यानं तिकिटं दिली, आता आगारात बसते. परवा ती आईच्या ट्रंकेतली कुंकवाची डबी घेऊन माझ्याकडे आली. कागद मळून कापडासारखा मऊ झाला होता. "मावशी, हे कसले आकडे? आईनं का जपून ठेवलं?" मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, जे पन्नास वर्षांत मी कुणालाच सांगितलं नव्हतं. शेवटी बोट ठेवून म्हणाली, "पहिले दोन कळले. आणि हा एक?"

"तो तू जन्मलीस त्या दिवशी लिहिला. जे घडून गेलं त्याची संभाव्यता एक."

नंदानं त्या आकड्यावरून बोट फिरवलं. "म्हणजे तुझं गणित चुकलं नसतं, तर मी नसते."

"नसतीस," मी म्हटलं. माझ्या चुकीपायी माझी बहीण मरता मरता वाचली आणि त्याच चुकीपायी ही पोर माझ्यासमोर बसली होती, आणि यातलं एक दुसऱ्यातून वजा कसं करायचं, हे मला अजूनही येत नाही. ते मी तिला बोलूनही दाखवलं.

तिनं चिठ्ठीची जुन्याच घड्यांवर घडी घातली. "बरं झालं बाई, चुकलीस," ती म्हणाली, डोळे पुसले, आणि चहा ठेवायला उठली. चिठ्ठी तिनं आपल्या पर्समध्ये टाकली होती. ती परत मागावी, असं माझ्या मनातही आलं नाही.